पांढऱ्या कडेची पानं

लायब्ररीच्या आठवणी लिहा, असं मला आजवर अनेकांनी सांगितलं आणि दरवेळी मी काहीतरी कारण काढलं. आधी गुडघे दुखतात म्हणालो. लिहायला गुडघे कशाला लागतात, असं कुणीतरी विचारल्यावर मोतीबिंदू पुढे केला. यंदा दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आणि साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "काका, आता मुंगीच्या मिशासुद्धा दिसतील." सबबी संपल्या.

खरं म्हणजे आठवणी लिहायला माझी ना नव्हतीच. त्यातली एक गाळून बाकीच्या लिहिता येतील का, एवढंच मी बघत होतो. नाही येत. कुठूनही सुरुवात केली तरी गाडी कडेगावच्या सुभेदारांच्या दारात जाऊन थांबते. तेव्हा आता त्यांच्याकडेच जातो, जरा वळसा घालून.

नव्वदच्या दशकात सांगलीत माझी पुस्तकं घरी वाचायला देणारी लायब्ररी होती. एक गाळा, तीन भिंतींना कपाटं आणि बाहेर वाचकांसाठी एक बाक. तासगावात एका स्टेशनरीच्या दुकानात आमची एक लोखंडी पेटी असे. दर सोमवारी एसटीनं जाऊन मी तिच्यातली पुस्तकं बदलून येई. गल्लोगल्ली केबल आली होती आणि वाचनसंस्कृती मेली म्हणून भाषणं चालली होती. भाषण करणारेच जाताना माझ्याकडून अद्भुत कादंबरी घेऊन जात. राक्षस, गुहा, उडते घोडे, बोलणारी झाडं. हा माल माझ्याकडे सगळ्यात जास्त फिरायचा आणि तो वाचतो असं कुणीच कबूल करायचं नाही. एक कॉलेजातले सर होते. ते अशा पुस्तकाला घरून आणलेलं कॅलेंडरचं कव्हर घालत आणि म्हणत, "पुतण्यासाठी हो." हा पुतण्या मी लायब्ररी उघडल्यापासून ती बंद करेपर्यंत इयत्ता सहावीतच होता.

अद्भुत कादंबरी माणसाला का धरून ठेवते, यावर सरांचं मत फार गहन होतं. मला ते कधी कळलं नाही. मला जे कळलं ते तासगावच्या अण्णांकडून. अण्णा बेदाण्याचे व्यापारी. पेटीपाशी माझी वाटच बघत असायचे.

"राक्षस किती हायत ह्यात?"

"एकच आहे अण्णा."

"एकाच राक्षसावर एवढं जाड पुस्तक? त्येची कोर्टात केस चाललीया का काय?"

पण ह्याच अण्णांनी एकदा एक पुस्तक अर्धं वाचून परत आणलं. त्यात राजपुत्राचा घोडा तीन दिवस आकाशातून उडत होता. मी म्हटलं, "पटलं नाही का उडणं?"

"उडू दे की. घोडं हाय, उडंल," अण्णा म्हणाले. "पर तीन दिस वैरण न्हाई, पाणी न्हाई? आमचा बैल एक येळची वैरण चुकली तर गोठा डोस्क्यावर घेतोय. असलं लेकाचं पुढं कोण वाचणार?"

त्या दिवशी मला धंद्याचं पहिलं गमक मिळालं. घोड्याला पंख फुटले तर वाचक हू की चू करत नाही. त्या घोड्याला भूक लागली नाही तर मात्र तो पुस्तक मिटतो.

दुसरं गमक सांगलीच्याच गावभागातल्या काकूंनी दिलं. त्या शेवटचं पान आधी वाचत. "नायक जगतो एवढं कळलं की आमटीला फोडणी सुखानं देता येते," म्हणायच्या. एकदा भर दुपारी पुस्तक माझ्या टेबलावर आपटून म्हणाल्या, "मंत्र जन्मात एकदाच चालतो, असं हाच लेखक पहिल्या प्रकरणात सांगतो आणि पुढे दुसऱ्यांदा चालवतो. पत्ता द्या मला त्याचा." जादू कितीही मोठी चालेल, पण तिचा कायदा लेखकानं पाळलाच पाहिजे. हे काकूंचं म्हणणं मी नंतर नवी पुस्तकं घेताना कायम वापरलं.

आता माझ्या हातातल्या कामाबद्दल सांगतो, कारण घोटाळा तिथेच झाला.

लायब्ररीचं पुस्तक फार हातांतून जातं. वर्षभरात ते खिळखिळं होतं. मग बाइंडिंग. ते मी स्वतःच करत असे. जुनी शिवण उसवायची, दाभणानं भोकं पाडून पुन्हा शिवायचं, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली मैद्याची खळ लावायची आणि जाड पुठ्ठे चढवायचे. पुठ्ठा जाड करायला आत रद्दीचे कागद एकावर एक चिकटवायचे. या कामात मला एक विद्या आपोआप आली. पुस्तक मिटून त्याची उघडी कड बघितली की ते कुठे वाचलं गेलंय आणि कुठे नाही हे दिसतं. बोटं जिथं लागतात तिथं कड काळवंडते. पहिला पाव भाग काळा आणि पुढे पांढरीशुभ्र म्हणजे वाचक पहिल्या गुहेतच दगावला. मधेच पांढरा पट्टा म्हणजे तिथं लेखकानं निसर्गवर्णन केलं असणार. मी न उघडता सांगायचो आणि उघडून बघितलं की ते खरं निघायचं. पुढे पुढे मी उघडून बघायचंही सोडलं.

आणि हळूहळू हात शिवशिवायला लागला. नाहीतरी पुस्तक उसवलेलंच आहे, तर पांढरी पानं परत शिवायची कशाला? पहिल्यांदा एका जंगलाचं वर्णन काढलं. कुणाला पत्ता लागला नाही, उलट पुस्तक जास्त फिरायला लागलं. मग एका राणीचा विलाप काढला, एका ऋषींचा उपदेश काढला. पानांचे आकडे मधेच उडी मारत, पण लायब्ररीच्या वाचकाला पुस्तकात पानं नसण्याची सवय असते. मी स्वतःवर बेहद्द खूष होतो. लेखकांनी जे करायला हवं होतं ते मी खळीचा डबा घेऊन करतोय, असं मला वाटायचं.

अशा दिवसांत सुभेदार आनंदराव आले. कडेगावचे. पलटणीतून निवृत्त होऊन ऊस बघत होते. मिशा कडक, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत स्वतः छापून घेतलेली कादंबरी. नाव 'सातवा विडा'.

"आपली चीज हाय," म्हणाले. "बघा, वाचतंय का कोण. न्हाई वाचलं तर सांगायचं. आपल्याला रिपोर्ट खरा लागतो, गोड नको."

काही प्रती नातेवाइकांत वाटल्या होत्या, उरलेल्या मला दिल्या. नातेवाईक भेट मिळालेलं पुस्तक वाचत नाहीत, काचेच्या कपाटात ठेवतात. म्हणजे वाचक मिळाले तर ते माझ्याकडूनच मिळणार होते.

गोष्ट झकास होती. राक्षसांपासून गाव वाचवायला भैरू नावाच्या पोराला एका जोगतिणीकडून सात विडे मिळतात. विडा खाल्ला की अंगात दहा हत्तींचं बळ, पण प्रत्येक विड्याला आपलं एक माणूस कायमचं विसरायचं. कुणाला विसरणार ते आधी कळणार नाही आणि विसरल्यावरही कळणार नाही. कायदा पक्का, काकूंनाही बोट ठेवता येणार नाही असा. घोड्यांना वैरण वेळच्या वेळी. मी पहिली प्रत तासगावच्या पेटीत टाकली. ती बरेच महिने तिकडेच फिरली आणि सुटी होऊन बाइंडिंगला आली.

मी कड बघितली. काळी, काळी, मधे पंधरा-सोळा पानांचा स्वच्छ पांढरा पट्टा आणि पुन्हा काळी. पट्टा उघडला. भैरू चालत चालत एका गुऱ्हाळावर येतो. तिथं एक म्हातारा गूळ करतोय. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, कधी ओतायचा, तो निवळायला भेंडीचं पाणी किती घालायचं, वर आलेली मळी कशी काढायची. दोन पानं मी वाचली. राक्षस नाही, विडा नाही, एक तलवारसुद्धा नाही. मनात म्हटलं, जादूच्या कादंबरीत गूळ करायला शिकायला कोण येणार? पुढची पानं न वाचता सगळं प्रकरण काढलं. मग उरलेल्या प्रतीही उसवल्या आणि त्यांतूनही काढलं. ती पानं इतर पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत अस्तराला गेली.

'सातवा विडा' सांगलीत असा काही सुटला की बाकावर त्याच्यासाठी माणसं बसायला लागली. सरांच्या पुतण्यानं तो दोनदा नेला. तासगावच्या पेटीत परत गेलेली प्रत या वेळी पहिल्यांदाच अण्णांच्या हाती लागली.

ही बातमी कळल्यावर सुभेदार स्वतः आले. रविवार होता. बाकावर सर, काकू आणि त्या दिवशी बाजाराला सांगलीत आलेले अण्णा, तिघंही हजर. मी मोठ्या उत्साहानं ओळख करून दिली. अण्णांनी सुभेदारांचा हात हातात घेऊन हलवला.

"लय जबरा लिवलंय सुभेदार! पाचव्या विड्याला त्यो राक्षस भिताडातनं भाईर येतोय, तवा मी भाकरी खात हुतो. घास हातातच ऱ्हायला."

सुभेदार लाजले. मिशीतल्या मिशीत हसले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि गुऱ्हाळ कसं वाटलं?"

"कुठलं गुऱ्हाळ?" अण्णा म्हणाले.

मी उठून कपाट लावायला लागलो.

काकू म्हणाल्या, "बरं झालं गुळाचा विषय निघाला. मला एक कळलं नाही हो. चौथ्या विड्यानंतर त्या भैरूच्या धोतराच्या सोग्यात गुळाचा खडा असतो, तो कुठून आला? मी म्हटलं, जादूचाच असेल."

"रूपक असावं," सर म्हणाले.

सुभेदार रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते शांतपणे म्हणाले, "म्हंजे मंडळी पानं उलटून पुढं गेली."

"छे छे, तसं नाही..." मी कपाटात तोंड घालून म्हणालो.

"न्हाई न्हाई, लोकांचं चुकत न्हाई," सुभेदार म्हणाले. "रिपोर्ट खरा पायजे म्हणून म्याच सांगितलं हुतं. मिळाला. माझंच लिवणं तिथं कमी पडलं." मग मला एकट्याला, निघताना, हळूच: "तुमाला म्हणून सांगतो. बाकीचं पुस्तक म्हंजे त्या गुऱ्हाळापतोर जायाची वाट हाय नुसती. पर वाट लोकांना आवडली आणि गाव दिसलंच न्हाई. आता दुसरी आवृत्ती काढतोय. त्यात ते प्रकरण ठेवत न्हाई. लोकांना तरास कशाला?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. 'सुभेदार, मी काढलं' एवढे तीनच शब्द. पण बाकावर तिघं बसले होते, आणि एका पुस्तकाचं कबूल केलं तर राणीचा विलाप, ऋषींचा उपदेश, सगळंच उसवलं गेलं असतं. मी सुभेदारांसाठी चहा मागवला.

पुढच्या सोमवारी तासगावला पेटीपाशी एक बाई उभ्या होत्या. सुलाबाई. बेदाण्याच्या शेडवर निवडणीच्या बायकांत काम करायच्या. दहावीपर्यंत शिकल्या होत्या, त्यामुळे काम चालू असताना बाकीच्या बायकांना वाचून दाखवायचं त्यांच्याकडे असे. त्यांच्या हातात 'सातवा विडा' होता, माझा नवा बांधलेला.

"आवं काका, ह्यातलं गुऱ्हाळ कुठं गेलं?"

मी म्हटलं, "जुनं पुस्तक होतं, पानं सुटली असतील."

"बराबर तेवढीच सुटली? मारामारीचं एक पान सुटलं न्हाई ते?"

मी विषय बदलावा म्हणून म्हटलं, "ते प्रकरण तर कुणीच वाचत नव्हतं. कड बघा की, कोरी पांढरी होती."

"पांढरी असंल न्हाई तर काय! मारामाऱ्या आमचा भाऊ वाचायचा, ट्रॅक्टरचं ग्रीस लागलेल्या हातानं. गुऱ्हाळ म्या वाचायची. बायका काम थांबवून ऐकायच्या. बेदाण्याचा चिकटा असतोय हाताला, म्हणून साबणानं हात धुवून, पदराला पुसून मग पान उलटायची. खराब व्हायला नको म्हणून. किती येळा वाचलं असंल, मोजलं न्हाई. दर खेपेला कुणीतरी म्हणायचंच, सुले, आज तरी म्हातारा सांगतोय का बघ."

"काय सांगतोय का?"

"म्हंजे तुमी वाचलंच न्हाई?" त्या म्हणाल्या. "आवं, त्यो म्हातारा भैरूचा बाप हाय."

आणि मग पेटीपाशी उभ्या उभ्या त्यांनी मला ते प्रकरण सांगितलं. त्यांना बरंचसं पाठच होतं. चौथ्या विड्यात भैरू बापाला विसरलेला असतो. चालत चालत तो आपल्याच गुऱ्हाळावर येतो आणि परक्यासारखा पाणी मागतो. बाप ओळखतो. पोराच्या नजरेत ओळख नाही हेही ओळखतो. आता सांगावं तर पोराला कळेल की विड्यानं काय नेलं, आणि पुढचे विडे त्याच्या हातून खाल्ले जाणार नाहीत, गाव बुडेल. म्हणून म्हातारा सांगत नाही. तो गुळाबद्दल बोलत राहतो, कारण बोलणं थांबलं की पोरगा उठून जाईल. 'बस पावण्या, काहील उतरंस्तवर बस.' भेंडीचं पाणी, मळी, रसाचा रंग. जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवतो. काहील उतरते. मग ताज्या गुळाचा एक खडा त्याच्या सोग्याला बांधून देतो.

एसटी चुकली. मी तिथंच पेटीवर बसलो होतो. अण्णांचा घोडा आणि काकूंचा कायदा मला कळला होता. पण जादूची खरी किंमत दिल्याशिवाय जादू म्हणजे नुसते फटाके, हे मला त्या शेडवरच्या बायकांकडून कळायचं होतं. भैरू लढतो ते सगळं त्या पंधरा-सोळा पानांमुळे भारी होतं. आणि ती पानं मी कुणाच्या तरी पुठ्ठ्यात चिकटवून टाकली होती.

सांगलीत येऊन पुठ्ठे भिजवले. जे सुटले त्यातून लगदा निघाला, मधेमधे एखादी ओळ.

दुसरी आवृत्ती छापायला जायच्या आत सुभेदारांना गाठायचं ठरवलं आणि येतोय म्हणून निरोप धाडला. कडेगावला जाताना एसटीत वाक्यं जुळवत होतो. पोचलो, तर सुभेदारांना इतका आनंद झाला की मला तोंडच उघडू देईनात. आधी शेताकडे नेलं. उसाच्या कडेला एक मोकळी, काळपट जागा होती.

"हितंच हुतं आमचं गुऱ्हाळ," म्हणाले. "वडील शेवटी मला वळखत न्हवते. रजेवर आलो, बॅग खाली ठेवली, तर म्हनले, बस पावण्या. गूळ दिला हातावर. चार दिस मी त्येंच्याकडं पावणाच हुतो. पुस्तकात म्या उलटं केलं. इसरल्याचा ठपका बापावर ठेवायला जीव झाला न्हाई." मग हात झटकून म्हणाले, "जाऊ द्या. लोकांच्या कामाचं न्हाई ते. प्रेसला दिलंय आता, ते प्रकरण वगळून."

मी म्हणालो, "सुभेदार, त्याच्याचबद्दल..."

"आधी चला, मंडळी खोळंबलीत."

पारावर अर्धं गाव जमलं होतं. सुभेदारांनी घाईघाईनं माझा सत्कार ठरवला होता. शाल घातली, नारळ दिला, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या डोक्याला चांगला कडक फेटा बांधला. सुभेदार उभे राहून म्हणाले, "आमच्या घरातल्यांनी पुस्तक उघडून बघितलं न्हाई. ह्या मानसानं ते गावोगाव पोचवलं. माझी पानं लोकांच्या हातात दिली." टाळ्या झाल्या. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

इथं वाचकांना एक अनुभवाची गोष्ट सांगतो. डोक्यावर फेटा आणि हातात नारळ असताना माणसाला गुन्हा कबूल करता येत नाही. मी म्हणालो, तासगावातल्या बायकासुद्धा सुभेदारांचं पुस्तक वाचतात. सुभेदारांनी चटकन मान वर केली. "त्यांनी गुऱ्हाळ वाचलं?"

हो म्हणालो असतो तर त्यांनी विचारलं असतं, मग सांगलीकरांनी का नाही वाचलं. मी म्हणालो, "पुस्तक सगळंच आवडलं त्यांना." ते मान खाली घालून टाळ्या वाजवायला लागले.

परतीच्या एसटीत फेटा सुटेना. कंडक्टरनं विचारलं, "पावणं, लगीन कुणाचं?" मी तिकीट घेतलं.

दुसरी आवृत्ती आली. बारीक झाली होती. तिच्याही प्रती मी फिरवल्या. वर्षानं कड बघितली, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखी काळी, कुठे पांढरा पट्टा नाही. सगळ्यांनी सगळी वाचली आणि परत कुणी मागायला आलं नाही. सुलाबाईंनी तर हातातही धरली नाही.

त्यानंतर बाइंडिंग करताना मी एक पान कमी केलं नाही. पण कडेगावला पुन्हा गेलो नाही. दिवाळी होऊन जाऊ दे, ऊस तुटू दे, पाऊस उघडू दे, असं करत राहिलो. मग एका सकाळी अण्णांनीच पेटीपाशी सांगितलं, "सुभेदार गेलं की वो." लायब्ररी पुढे मी बंद केली आणि साताऱ्याला मुलाकडे आलो.

एसटीत जुळवलेली वाक्यं फार लांबलचक होती. त्यात धंद्याची अडचण होती, सवयीचा दोष होता, बरंच काही होतं. आता एवढंच उरलं आहे.

सुभेदार, लोक पानं उलटून पुढं गेले नव्हते. तुमचं लिहिणं कुठंही कमी पडलं नव्हतं. ते प्रकरण मी काढलं, न वाचता काढलं. ज्यांच्यापर्यंत ते पोचलं त्यांनी काम थांबवून, हात धुऊन ऐकलं, आणि दर खेपेला म्हातारा काहीतरी सांगेल म्हणून वाट बघितली. तुम्ही खरा रिपोर्ट मागितला होता, तो हा. माझं चुकलं.